आमच्या घरात राहिलेली युनसॉल

योइदो, सोल
२ सप्टेंबर

आत्या,

परवा सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ मी घड्याळात बघून ठेवली आहे.

प्यो साहेबांच्या ऑफिसात त्यांच्या पांग सचिवांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला. आपल्या देगूच्या घराचा रहिवासी उतारा, नऊ वर्षांपूर्वीचा. सगळ्यात वर तुझं नाव, कुटुंबप्रमुख. त्याखाली मी, भाचा. आणि माझ्या बरोब्बर खाली आणखी दोन नावं, सहनिवासी म्हणून. एक प्यो साहेबांच्या बायकोचं. दुसरं त्यांच्या मुलीचं, प्यो युनसॉल.

म्हणजे मी तेरा वर्षांचा असताना ती दोन वर्षं आपल्या मागच्या खोलीत राहत होती, जिथे तू सणावारी घालायच्या हानबोकच्या कापडाचे तागे रचायचीस. राहत नव्हती हे मलाही ठाऊक आहे. पण कागद बघून मला काय वाटलं ते सांगतो, हसू नकोस. वाटलं, सरकारने आमचं आधीच ठरवून टाकलं होतं, फक्त आम्हाला कळवायचं राहून गेलं.

प्रकरण असं आहे. आपल्या साहेबांना गृहमंत्री करायचं ठरलंय हे तू टीव्हीवर बघितलंच असशील. एकवीस तारखेला संसदेच्या समितीपुढे त्यांची सुनावणी आहे. विरोधकांच्या हाती हा उतारा लागलाय. म्हणतात, ती नावाजलेली मुलींची शाळा आपल्या गल्लीच्या पत्त्यावर मिळते, म्हणून साहेबांनी मुलीचा खोटा पत्ता लावला. देशभरच्या रहिवासी नोंदी ज्याच्या हाताखाली येणार, त्याच्याच घरची नोंद खोटी. रोज संध्याकाळी बातम्यांत हेच.

पांग म्हणाले, "तू त्या घरात वाढलास. ती तिथे राहायची, एवढं लिहून दे. सहीनिशी."

मी लगेच हो म्हटलं. बाबांनी अकरा वर्षं ज्यांची गाडी चालवली, त्यांच्यासाठी मी एक सही करू शकत नाही?

आता कॉलेजचं. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. जूनमध्ये तिथल्या भिंतींवर "प्यो देसिक हटाव" अशी पोस्टरं लागली. मी अकरा फाडली. मग कँटीनमध्ये टेबलावर उभा राहून म्हटलं, ज्या माणसाने संसदेच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर निषेध म्हणून डोकं भादरून घेतलं, नऊ दिवस अन्नाला शिवला नाही, त्याच्याबद्दल बोलायच्या आधी तुमच्यापैकी कोणी एक जेवण तरी चुकवलंय का? त्यावर एकजण म्हणाला, "ड्रायव्हरचा मुलगा मालकाची गाडी पुसणारच." त्याच्या डोक्यावर मी सूपचं भांडं उपडं केलं. कॉलेजने लेखी माफी मागायला सांगितली. मी नाव काढून टाकण्याचा अर्ज दिला आणि इथे येऊन साहेबांच्या माणसांत काम मागितलं. ते काम चहा देण्यापासून सुरू झालं आणि आता इथवर आलंय.

यातलं काही फोनवर बोलू नकोस. उद्या कॉलच्या नोंदी कोणाच्या हातात पडतील सांगता येत नाही, असं पांग म्हणतात. पत्र लिही आणि डब्यांबरोबर एक्स्प्रेस बसने पाठव. मी स्टँडवर घ्यायला येईन.

युनसॉल रोज दुपारी ऑफिसात सगळ्यांसाठी भाताच्या किम्बापच्या गुंडाळ्या कापून घेऊन येते. काल माझ्यासमोर डबा ठेवून म्हणाली, "तुम्ही घरचेच, तुम्हाला शेवटचा तुकडा." शेवटचा तुकडा जाड असतो.

तुझा जेहुन


देगू
५ सप्टेंबर

जेहुन,

डब्यात वाळवलेली बारीक मासळी आहे आणि सोयात मुरवलेली तिळाची पानं. पानं एकेक करून खा, घास घास कोंबू नकोस. खारट आहेत.

म्हणजे जूनपासून मी फोन केला की "परीक्षा चालू आहे" म्हणत होतास, ती ही परीक्षा होय? नाव काढलंस म्हणजे शिकतोस तोवर मिळणारी सैन्याची सूट गेली. थोड्या दिवसांत बोलावणं माझ्याच दारात येईल आणि सही करून मलाच घ्यावं लागेल. तुझ्या बापाने बारा तास गाडी चालवून तुझ्या शिक्षणाचं ठरवलं होतं आणि तू ते एका सूपच्या भांड्यात घालवलंस. सूप कसलं होतं? गरम होतं का? असलं तर एक वेळ माफ.

उताऱ्याचं खरं आहे. साहेबांच्या बाई आल्या होत्या, ताग्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, दोन वर्षांपुरता तुमच्या घराचा पत्ता द्या." त्या दिवशी त्यांनी माझं मूत्रपिंड मागितलं असतं तरी काढून दिलं असतं. तुझा बाप गेला तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, तुला अर्धवट आठवत असेल. आपल्याकडे पुरुष माणूस कोणी नव्हतं. एवढा मोठा खासदार दंडाला सुतकाची तागाची पट्टी बांधून तीन दिवस दाराशी उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार केला, जणू सख्खा भाऊ गेलाय. डोंगरापर्यंत शवपेटीला खांदा दिला. टीव्हीवाले त्याला काय म्हणायचं ते म्हणोत.

शिवाय मी तेव्हा वस्तीप्रमुख होते. वर्षातून दोनदा वही घेऊन दारोदार फिरायचं, कागदावर आहे तो माणूस खरोखर राहतो का ते बघायचं आणि शिक्का मारायचा. आपल्या दाराशी आले तेव्हा माझी मीच बेल वाजवली, माझी मीच आत गेले, चारही नावांपुढे शिक्का मारला. हसायला आलं होतं तेव्हा.

तर लिहून दे. पण चारच ओळी. लांबी जास्त ठेवलीस की पायात येते, हे तुला कापडावरून तरी कळायला हवं.

काल एक पत्रकार हानबोक शिवायचाय म्हणून आला. चुसॉकचा सण तोंडावर, मला वाटलं खरंच गिऱ्हाईक. माप घेताना हळूच विचारतो, "तुमच्याकडे भाडेकरू कोण कोण होते हो?" माझी टेप त्याच्या गळ्याभोवती होती. म्हटलं, "हात वर करा, छाती राहिली." दोन्ही हात वर करून उभा राहिला बिचारा. अंगरखा मात्र खरंच शिवायला टाकून गेला.

त्या मुलीबद्दल लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. जाड तुकडा प्रत्येक डब्यात असतो, कोणाच्या तरी वाट्याला येतोच. तू सही कर, साहेब मंत्री होतील, ती त्यांच्या बरोबरीच्या घरात जाईल. तू आधीच मनाला सांगून ठेव.

आत्या


योइदो, सोल
८ सप्टेंबर

आत्या,

चार ओळी लिहायला बसलो आणि सात पानं झाली. रागावू नकोस, आधी ऐक.

मी लिहीत होतो आणि युनसॉल समोर येऊन बसली. ती आर्किटेक्चर शिकते. तिने मोठा पातळ कागद पसरला आणि म्हणाली, "मला तुमचं घर सांगा. मी तिथे राहिलेय तर दार कुठल्या बाजूला उघडतं ते मला माहीत नको?" मी सांगत गेलो, ती रेघा मारत गेली. अंगण, पायरी, पर्सिमनचं झाड, तुझी शिलाईची खोली. मागच्या खोलीशी आली तेव्हा तिने पेन्सिल थांबवली. "माझी उशी कुठल्या भिंतीला होती?" माझ्या कानांना आग लागली. म्हटलं, "पूर्वेला." "का?" "तिथे सकाळचं ऊन येतं." तिने तसं लिहून घेतलं, आत्या. नकाशात बारीक अक्षरात लिहिलं, उशी, पूर्व.

तू म्हणतेस मनाला सांगून ठेव. माझं मन तुझ्या गिऱ्हाइकासारखं नाही, हात वर कर म्हटलं की करणारं. मी प्रेम करतो आणि तिलाही कळलंय. जे कळलेलं असतं ते लपवायला माणूस जरा जास्तच हसतो, तशी ती हसते.

जबाबातला थोडा भाग इथे उतरवून पाठवतो.

"सहनिवासी युनसॉल हिला भाताच्या तळाची खरवड फार आवडे. आत्या भांडं खरवडू लागल्या की ती वही टाकून धावत येई आणि मोठा तुकडा मला न देता स्वतःच खाई. ती गणितात माझ्यापेक्षा हुशार होती, नऊचा पाढा उलटा म्हणून दाखवी. पावसाच्या दिवसांत तिची बस उशिरा आली तर मी छत्री घेऊन थांब्यावर उभा राही. छत्रीत येताना ती आधी दप्तर आत सारी, मग स्वतः येई."

पांगनी वाचून टाळी वाजवली. म्हणाले, "सात वकील बसवले असते तरी असं जमलं नसतं. हे खोटं आहे असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही." मग साहेबांकडे नेलं. साहेबांनी चष्मा लावून सातही पानं वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानावर आले. शेवटी म्हणाले, "तुझ्या बापाचं अक्षर असंच होतं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हाताने त्यांनी सरकारी वकील असताना वीस वर्षं गुन्हेगारांवर आरोपपत्रं लिहिली, तो हात. साहेबांना लोक उद्धट म्हणतात, जुनाट म्हणतात, परवा एका वर्तमानपत्राने डोकं भादरण्याचं व्यंगचित्र पुन्हा छापलं. छापू दे. "कायदा गरिबालाही तोच आणि मलाही तोच," हे वाक्य या देशात उभं राहून बोलायला दुसरं कोण आहे?

अठराला सह्या. तेव्हा एकदा नजर घाल आणि घरातलं काही चुकलं असेल तर कळव.

जेहुन


देगू
११ सप्टेंबर

जेहुन,

चुकलंय. बरंच.

मागच्या खोलीत जमिनीखालची ऊब पोचत नव्हती, पाइप फुटला होता. तिथे जानेवारीत कोणी झोपलं असतं तर सकाळी लाकडासारखं उचलावं लागलं असतं. पूर्वेला खिडकी नाही, भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे टोफूवालीचं दुकान. ऊन कुठून आणलंस?

पण ते जाऊ दे. खरवड खाणारी ती मुलगी नव्हे. ती टोफूवालीची सोन्हा. तिची आई सोयाबीन उकळत बसायची, दुकानात वाफेने वही ओली व्हायची, म्हणून पोर अभ्यासाला आपल्या ओसरीवर यायची. खरवडीचा मोठा तुकडा ती घ्यायची. नऊचा पाढा उलटा तीच म्हणायची, आणि तू चिडून आतल्या खोलीत जायचास. छत्रीतही तीच. तू एका पोरीच्या तोंडातला घास काढून दुसरीच्या तोंडात घातलायस आणि तुला पत्ताही नाही, इतका तू हवेत आहेस.

साहेबांची मुलगी एकदाच आली होती. गाडीतच बसून राहिली. मी पर्सिमन नेऊन दिला तर काच थोडी खाली करून घेतला. वळण चांगलं होतं, दोन्ही हातांनी घेतला.

म्हणून म्हणते, खरवड काढ. बसचं तर आधी काढ. ती शाळा आपल्या दारापासून पाच मिनिटांवर, चालत. तिथे जाणारी मुलगी बसने कशी येईल? समितीतल्या कोणी देगूचा नकाशा उघडला की सात पानं पाण्यात. चार ओळी लिही म्हटलं होतं ना मी.

त्या पत्रकाराचा अंगरखा तयार झाला. न्यायला आला तेव्हा पुन्हा घुटमळत होता. मी त्याला बाह्या आखूड करून दिल्या.

आत्या


योइदो, सोल
१४ सप्टेंबर

आत्या,

एकच विचारतो. टोफूवालीचं दुकान आपल्याला चिकटून. शाळा पाच मिनिटांवर, चालत. मग सोन्हा दोन वर्षं नदीपलीकडून बसने का येत होती?

उत्तर आल्याशिवाय मी कशालाही हात लावणार नाही.

जेहुन


देगू
१६ सप्टेंबर

जेहुन,

आज डबा नाही. नुसतं पत्र पाठवतेय. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, नुसतं पाकीट कोणी बसने पाठवतं का?" म्हटलं, जड आहे.

त्या वर्षी शाळेत मुली फार झाल्या. खोटे पत्ते लावून आलेल्या, सगळ्यांना माहीत होतं. नोंदणी ऑफिसातून वस्तीप्रमुखांना निरोप आला, आपापल्या गल्लीतून जे खरे राहत नाहीत त्यांची नावं काढा. आपल्या गल्लीतून दोन मुली होत्या. एक आपल्या घरची, कागदावरची. दुसरी सोन्हा. सोन्हा आईबरोबर दुकानाच्या मागे झोपायची, पण ती जागा नोंदीत गोदाम होती, घर नव्हे. गोदामात माणूस राहतो असं लिहिता येत नाही, म्हणून तिचं नाव गल्लीच्या टोकाला तिच्या मामाच्या घरी लावलेलं. मामाकडे ती झोपत नव्हती. म्हणजे कायद्याने पाहिलं तर तिचा पत्ता खोटा.

मी तिच्यापुढे लिहिलं, येथे राहत नाही. आणि साहेबांच्या मुलीपुढे लिहिलं, राहते. एकाच बसण्यात. शिक्काही पुन्हा शाईत बुडवावा लागला नाही.

कोणी मला सांगितलं नव्हतं. बाईंनी नाही, साहेबांनी नाही. साहेबांना तर त्या पोरीचं नावही ठाऊक नसेल. मी माझ्या हिशेबाने केलं. माझ्या भावाच्या पेटीला खांदा देणाऱ्याची मुलगी ठेवली आणि शेजारणीची काढली.

सोन्हाला नदीपलीकडची शाळा मिळाली, दोन बस बदलून. टोफूवाली भांडायला आली नाही. तिने फक्त रोज सकाळी आपल्या पायरीवर टोफूची वडी ठेवायचं बंद केलं. तेव्हापासून मी बाजारातून आणते. पोर मात्र ओसरीवर येत राहिली. तिला माहीत नव्हतं, किंवा होतं आणि तरी येत होती. मी तिला खरवडीचा मोठा तुकडा द्यायची आणि तू म्हणायचास, आत्या, हिलाच का?

सगळं सांगितलं. आता माझं ऐक. सही कर. खरवड काढ, बस काढ, चार ओळी ठेव आणि सही कर. सोन्हाला ती शाळा परत मिळणार नाही. ती आता इस्पितळात नर्स आहे, वाटेत भेटली तर मान वाकवते, चांगलं चाललंय तिचं. जाब विचारायचा तर मला विचार, मी पळून गेलेली नाही, चुसॉकला घरी ये आणि समोर बसून विचार. माझा शिक्का होता, माझ्या हाताने मारला, मी कोणापुढे रडणार नाही. पण त्या माणसाला उघडा पाडू नकोस. तुझ्या बापाच्या वेळी त्याने तीन दिवस मोजले नव्हते.

आत्या


सोल
१८ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र स्टँडवर बसून लिहितोय. दोन तासांनी देगूची बस आहे, तिच्यातच मी चढणार आहे. तरीही पत्र त्याआधीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देईन, तू ते माझ्या तोंडाकडे न बघता वाचावंस म्हणून. मी आधी टोफूवालीकडे जाईन. मग तुझ्याकडे येईन. तू जाब विचार म्हणालीस, विचारणार आहे.

आज अकरा वाजता सह्या होत्या. खोलीत साहेब, पांग आणि युनसॉल. टेबलावर माझी सात पानं टाइप केलेली, त्यांना जोडून युनसॉलने काढलेला आपल्या घराचा नकाशा. ओसरी, झाड, उशी, पूर्व. पांगना कालच सांगितलं होतं की मला काही बदलायचंय. ते म्हणाले होते, "काही बदलू नकोस. बसचं तेवढं आम्ही काढलंय."

सहीच्या आधी त्यांना एकदा उजळणी करायची होती. पांग विरोधी खासदार झाले, भुवया चढवून त्यांनी युनसॉलला विचारलं, "तुम्हाला त्या घरातलं काय आठवतं?"

युनसॉलने डोळे मिटले. म्हणाली, "खरवड. मोठा तुकडा मीच घ्यायचे, जेहुनला द्यायचे नाही." आणि हसली.

चांगलं केलं तिने. इतकं चांगलं की क्षणभर मलाच वाटलं, ती ओसरीवर होती. मग माझ्या लक्षात आलं की सोन्हाकडे उरलेलं एवढंच होतं, आणि ते मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात, या लोकांना नेऊन दिलं. शाळा तू काढून घेतलीस, आत्या. उरलेलं मी. तुझ्याकडे निदान बाबांच्या पेटीचं कारण होतं. माझ्याकडे किम्बापचा तुकडा होता.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "सही करणार नाही."

पांग म्हणाले, "सुनावणी सोमवारी आहे. थट्टा मंगळवारी कर."

म्हटलं, "थट्टा नाही." आणि मी सगळं सांगितलं. गोदाम, मामाचं घर, दोन मुली, एक शिक्का. तुझं नाव घेऊन सांगितलं. तुझ्यावर पांघरूण घातलं नाही, ते तुला आवडलंही नसतं.

पांगचा चेहरा बदलला. "म्हणजे तुझी आत्या आधी अडकते. कळतंय ना? खोटा शिक्का तिचा. साहेब पडले तर त्यांच्या खाली ती."

"माझी आत्या माप घेताना गिऱ्हाइकाला पोट आत ओढू देत नाही," मी म्हटलं. "स्वतःलाही देणार नाही. तिचं ती बघेल."

"पांग, जरा गप्प बस," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. राग नव्हता. "तुझा बाप अकरा वर्षांत लाल दिव्यातून एकदाही गेला नाही. कितीदा मी म्हटलं, रस्ता रिकामा आहे, जा की रे. तर म्हणायचा, साहेब, मागे तुम्ही बसलाय. असा माणूस होता." मग म्हणाले, "काय हवंय तुला?"

"सोमवारी तुम्ही उभं राहून सांगा. हो, मी खोटा पत्ता लावला. त्यामुळे एका खऱ्या मुलीची जागा गेली. बाकी काही नको."

"समोरच्या बाकावरच्या निम्म्यांनी हेच केलंय."

"मग त्यांनाही सांगायला लावा. तुम्ही आधी सांगितलंत तर लावता येईल."

"आणि मंत्रिपद?"

"जाईल."

साहेब हसले. "तू माझी भाषणं फार लक्ष देऊन ऐकलीस बघ."

"कँटीनच्या टेबलावर उभं राहून म्हणून दाखवलीत. त्यापायी कॉलेज सोडलं."

"ऐक, जेहुन. मी माघार घेत नाही. नऊ दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं तेव्हा घेतली नाही, आता एका शाळेच्या प्रवेशासाठी घेईन? माझ्यामागे पाव शतकाचं काम आहे. माझ्या मतदारसंघात माझ्या नावावर जेवणावरून उठून मत द्यायला येणारी माणसं आहेत. त्यांना काय सांगू, एका टोफूवालीसाठी गेलो?"

"हो," मी म्हटलं. "असंच सांगा. त्यांच्यातल्या पुष्कळ टोफूवाल्याच आहेत."

मग युनसॉल बोलली. नकाशाच्या कडेवर बोट फिरवत होती. "मला तुमचा पत्ता अजून पाठ आहे. आई रोज गाडीत म्हणून घ्यायची. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर अडखळायचं नाही. दोन वर्षं रोज म्हटला. एकदा मी म्हटलं, निदान आत जाऊन बघू या. आई म्हणाली, उशीर होतोय." तिने वर बघितलं. "मला त्या मुलीचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण आता बाबांचं सगळं जाईल. जेहुन, माझ्यासाठी कर."

आत्या, इतके दिवस ती मला हाक मारताना नावापुढे "जी" लावायची, ऑफिसातल्या इतरांना लावते तशी. आज पहिल्यांदा समोर बघून नुसतं जेहुन म्हणाली. सात पानांत मी तिला छत्रीत घेतलं, उन्हात झोपवलं, पण एवढं मागायचं धाडस मला त्यातल्या एका ओळीतही झालं नव्हतं.

मी म्हटलं, "दुसरं काहीही माग."

ती म्हणाली, "दुसरं मला काही नकोय."

तेवढं पुरलं. तू लिहिलं होतंस ते सगळं बरोबर होतं, फक्त ते तिच्या तोंडून ऐकायला मला सोलपर्यंत यावं लागलं. माझं प्रेम त्याने कमी झालेलं नाही. होईल असं वाटतही नाही. ते माझं मी वाहीन, त्यावर सही लागत नाही.

मी टाइप केलेली पानं तशीच ठेवली, माझ्या हाताने लिहिलेली सात पानं फायलीतून काढून घेतली. नकाशा तिला राहू दिला. रेघा तिच्या होत्या. पांगनी मनगट धरलं. म्हणाले, "या दारातून गेलास तर पुन्हा आत येता येणार नाही. आणि बाहेर पत्रकार उभे आहेत, एक शब्द बोललास तर—"

"पत्रकारांशी बोलणार नाही," मी म्हटलं. "ते काही मला तुमच्याहून बरे वाटत नाहीत. समितीने साक्षीला बोलावलं तर येईन, आणि जे मला आठवतं ते सांगेन. खरवडीपासून. हात सोडा."

त्यांनी सोडला.

मग मी साहेबांसमोर गेलो, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. ते खुर्चीतून थोडे उठले, हात पुढे केला, मला उठवायला. त्यांना वाटलं मी मऊ पडलो. मी उठलो. सरळ उभा राहिलो. आणि पुन्हा गुडघे टेकून दुसऱ्यांदा कपाळ जमिनीला लावलं.

त्यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. पांग ओरडले, "अरे, जिवंत माणसाला एकच करतात. दोन मेलेल्याला करतात, माहीत आहे ना तुला? साहेब समोर बसलेत."

"पहिला यांना केला," मी म्हटलं. "बाबांच्या पेटीला खांदा दिला त्यांना. दुसरा ज्यांच्यासाठी मी कॉलेज सोडलं त्यांना."

साहेब खाली बसले. त्यांनी चष्मा काढला आणि टाइप केलेल्या पानांवर ठेवला. युनसॉल माझ्याकडे बघत होती हे मला कळत होतं, पण मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सही केली असती. सात पानं कोटाच्या आत घातली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.